आमच्या गल्लींतील खाणावळ

परगांवाहून मुंबईस शिकावयास आलेल्या मुलापुढें पहिल्या आठवड्यांतच दोन प्रश्न उभे राहतात. निजावयाचें कोठें हा पहिला, व जेवावयाचें कोठें हा दुसरा. पहिल्याचें उत्तर मामा, चुलते, वसतिगृह किंवा एखादी भाड्याची खोली यांपैकीं कोठें तरी सांपडतें. दुसऱ्याचें उत्तर पुष्कळदां गल्लीच्या कोपऱ्यावर, एका अरुंद दाराशेजारीं टांगलेल्या काळ्या फळ्यावर खडूनें लिहिलेलें असतें. त्या फळ्याविषयीं व त्याच्या मागील स्वयंपाकघराविषयीं आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस चार उपयुक्त गोष्टी सांगाव्या, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हा विषय सुचण्यास एक कारण घडलें. गेल्या पावसाळ्यांत, जुलै महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत, दिवाणखान्यांत कवायत चालली असतां दहावीच्या वर्गांतील एक विद्यार्थी घेरी येऊन खालीं बसला. त्यास पाणी पाजून विचारपूस केली, तेव्हां असें समजलें कीं, आदल्या दिवशीं दुपारपासून त्यानें एका वडापावाखेरीज कांहीं खाल्लें नव्हतें. मुलगा रत्नागिरी जिल्ह्यांतला. आईवडील गांवीं असतात, व हा गिरगांवांत मामांच्या खोलींत राहतो. मामा एका दुकानांत नोकरीस आहेत. खोलींत चूल नाहीं. मामा-भाचे दोघेही महिन्याचे पैसे भरून जवळच्याच एका खाणावळींत जेवतात. "मग काल तेथें कां जेवला नाहींस?" असें आम्हीं विचारलें. तो प्रथम कांहीं बोलेना. मग मान खालीं घालून म्हणाला, "सर, तिथं रोज पालाच असतो. काल टाकळा, परवां टाकळा, त्याच्या आदल्या दिवशीं कुळथाची पिठी. मुलं हंसतात. म्हणतात, तुम्ही गवत खातां."

त्या दुपारीं आम्ही त्याला घेऊन त्या खाणावळींत गेलों.

पुढें जाण्यापूर्वीं खाणावळ म्हणजे काय, हें आमच्या लहान वाचकांस सांगितलें पाहिजे. हॉटेलांत गिऱ्हाईक आपणांस हवा तो पदार्थ मागतें व स्वयंपाकी तो करून देतो. खाणावळींत याच्या उलट असतें. तेथें त्या दिवशीं जें शिजलें असेल तेंच सर्वांस वाढतात, जसें आपल्या घरीं वाढतात. महिन्याचे पैसे आगाऊ भरणारास 'मेंबर' असें म्हणतात. मेंबरास दोन वेळचें जेवण मिळतें. रविवारीं दुपारीं गोडाचें जेवण असतें, त्यास 'फीस्ट' म्हणतात. व त्या रात्रीं बहुधा चुलीस सुटी असते. ज्याला एकच वेळ जेवावयाचें असेल तो त्या वेळेपुरते पैसे देऊन ताट घेतो. म्हणजे हॉटेल गिऱ्हाइकाच्या इच्छेवर चालतें, व खाणावळ बाजाराच्या आणि ऋतूच्या इच्छेवर चालते. हा भेद ध्यानांत न आल्यामुळेंच पुष्कळ मुलें खाणावळीस नांवें ठेवितात.

आम्ही गेलों ती खोली लांबट व ठेंगणी होती. दोन्ही भिंतींस लागून बाकें व टेबलें, दाराशीं हात धुण्याचा नळ, कोपऱ्यांत पिण्याच्या पाण्याचें पिंप, व मागील बाजूस स्वयंपाकघर. चालविणाऱ्या बाईंस सारे मेंबर 'काकू' म्हणतात. ही खाणावळ त्यांच्या सासूबाईंनीं याच चाळींत दोन खोल्यांत सुरू केली. पुढें ती काकूंच्या हातीं आली. त्यांच्या हाताखालीं पोळ्या लाटणाऱ्या दोन बायका व एक वाढपी आहे. फळ्यावर लिहिलें होतें: पोळी, भात, आमटी, टाकळ्याची भाजी, वालाचें बिरडें, ताक. आमच्याबरोबरच्या मुलाला पाहून काकू म्हणाल्या, "काल दोन्ही वेळां आला नाहींस. तुझं ताट झांकून ठेवलं होतं." मुलगा ओशाळला. आम्हीं घडलेली हकीकत सांगितली. काकू रागावल्या नाहींत. आंत जाऊन त्यांनीं मूठभर कच्चा टाकळा आणला, टेबलावर ठेविला, व मुलाला विचारलें, "आज तूं घरीं असतास, तर आईनं काय वाढलं असतं?" तो बराच वेळ त्या पानांकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "टाकळाच." "मग?" एवढेंच काकू बोलल्या, व आंत निघून गेल्या. मुलानें त्या दिवशीं भाजी दोनदां मागून घेतली.

आतां या टाकळ्याची थोडी माहिती सांगूं. पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले कीं पडीक जमिनींत, रस्त्याच्या कडेला, डोंगराच्या उतारावर हें रोप आपोआप उगवतें. त्याचीं पानें मेथीच्या पानांसारखीं दिसतात व रात्रीं मिटतात. कोवळीं असतांनाच त्यांची भाजी करावयाची. जून झालीं म्हणजे कडवटपणा येतो. कोंकणांत या भाजींत फणसाच्या आठळ्या घालतात. या आठळ्या मे महिन्यांतील फणसाच्या. त्या राखेंत किंवा मातींत घोळवून पावसाळ्यासाठीं राखून ठेवितात. अशा रीतीनें एका वाटीभर भाजींत दोन ऋतु एकत्र येतात. मुंबईंत टाकळा विकत मिळतो तो कर्जत, कसारा, पालघर या बाजूंच्या आदिवासी बायकांमुळें. त्या आदल्या दिवशीं रानांतून भाजी खुडतात, पहांटेच्या गाडीनें शहरांत येतात, आणि स्टेशनाबाहेर फडकें पसरून बसतात. त्यांच्याजवळ टाकळ्याबरोबर कुरडू, फोडशी, भारंगी, कंटोळीं व शेवळें हींही असतात. यांतील एकही भाजी कोणी पेरीत नाहीं व तिला कोणी खत घालीत नाहीं. ती ओळखण्याची विद्या मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. ज्याला मुलें गवत म्हणतात, तें ओळखतां येणें ही मोठी जाणकारी होय.

शेवळांचेंच उदाहरण पाहा. हें सुरणाच्या जातीचें रोप आहे. जमिनींतून वर आलेला त्याचा कोंब नुसता शिजविला तर घशास खाज सुटते. अळवाचेंही तसेंच. याचें कारण असें कीं, या वनस्पतींच्या अंगांत कॅल्शियम ऑक्झलेट नांवाच्या क्षाराचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. ते जिभेस व घशास टोंचतात. म्हणून आमच्या आज्या शेवळांत काकडाचीं आंबट फळें घालीत व अळवांत चिंच घालीत, आणि दोन्ही पुष्कळ वेळ शिजवीत. आजीला स्फटिक ठाऊक नव्हते, परंतु उपाय ठाऊक होता. येथें एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. रानांतील प्रत्येक हिरवें पान किंवा प्रत्येक छत्री खाण्याजोगी नसते. जाणत्या मनुष्यानें ओळखून दिल्यावांचून विद्यार्थ्यांनीं असें कांहीं तोडून खाऊं नये.

काकूंचा फळा वर्षभर पाहिला तर त्यावर पंचांगच लिहिलेलें आहे असें वाटतें. आषाढांत बाजारांत पालेभाजी महाग होते व मळ्यांतील माल चिखलानें खराब होतो. तेव्हां रानभाज्या, कुळथाची पिठी, आणि सुकी मासळी यांच्यावर खाणावळ चालते. पावसाळ्याच्या आरंभीं, माशांच्या विणीच्या काळांत, यांत्रिक होड्यांस मासेमारीची बंदी असते. म्हणून उन्हाळ्यांत वाळविलेले बोंबील, जवळा व सुकट त्या वेळीं उपयोगी पडतात. मासे खाणाऱ्या मेंबरांचें ताट काकू निराळें वाढतात. सुकटीची चटणी व गरम भात असला कीं त्या ताटांवर कोणी तक्रार करीत नाहीं.

श्रावण लागला कीं पुष्कळ मेंबर मांसाहार सोडतात व कित्येक कांदा-लसूणही सोडतात. मग फळ्यावर पडवळ, दोडका, लाल भोपळा, काकडीची कोशिंबीर व अळवाचें फदफदें येतें. नारळीपौर्णिमेस नारळीभात असतो. ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमावांचून पिकलेल्या भाज्यांची एकच मिसळलेली भाजी असते; तिला तेल-मसाल्याचा थाट नसतो, पण तिची गोडी न्यारी असते. रमजानांत रोजा धरणारा एक मेंबर सूर्यास्तानंतर येतो, त्याचें ताट त्या वेळीं तयार असतें. ईस्टरपूर्वींच्या उपवासकाळांत दोघे जण मासळी घेत नाहींत. त्यांच्यासाठीं एक उसळ अधिक होते. कोणाला काय वर्ज्य आहे, याची काकूंजवळ वही नाहीं. सर्व तोंडपाठ आहे.

दिवाळीच्या सुमारास नवीन तांदूळ येतो. नव्या तांदळास पाणी कमी लागतें व त्याचा भात चिकट होतो, म्हणून त्या दिवसांत नवा व जुना तांदूळ मिसळून शिजवितात. थंडी पडली म्हणजे खाणावळीचा सुकाळ होतो. वांगीं, मुळा, मटार, गाजर, पावटा, वालपापडी, हिरवा हरभरा, कांद्याची पात, सारें एकदम स्वस्त होतें. संक्रांतीच्या आदल्या दिवशीं भोगी असते. त्या दिवशीं या सर्व शेंगा-भाज्यांची तीळ घातलेली मिसळभाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी व लोण्याचा गोळा असा बेत असतो. आमच्या मतें संबंध वर्षांत यासारखें ताट नाहीं. त्याच दिवसांत रायगड जिल्ह्यांत वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यांत भाजून 'पोपटी' करितात, व देशावर शेतांतच ज्वारीचा हुरडा भाजतात. या गोष्टी खाणावळींत करतां येत नाहींत. पण त्यांच्या आठवणी मेंबर लोक जेवतां जेवतां एकमेकांस सांगतात, व त्यामुळें कोणत्या जिल्ह्यांत काय पिकतें, हा भूगोल आम्हांस आयता शिकावयास मिळतो.

चैत्रांत कैरी घातलेली वाटली डाळ व पन्हें, नंतर ओल्या काजूगरांची उसळ, कोंवळ्या फणसाची भाजी, आमसुलाचें सार, आणि मे महिन्यांत एखाद्या रविवारीं आमरस. आमसूल म्हणजे कोकमाच्या पिकलेल्या फळाची वाळविलेली साल होय, हें देशावरील आमच्या कित्येक विद्यार्थ्यांस ठाऊक नसतें. उन्हाळा हा स्वयंपाकघराच्या साठवणीचाही काळ आहे. पापड, सांडगे, कुरडया, लोणचीं, आमसुलें, सुकी मासळी हें सर्व त्या उन्हांतच होतें. शाळेस सुटी लागून मुलें गांवीं जातात, तेव्हां काकू गच्चीवर सांडगे घालीत असतात. पुढें आषाढांत ताटांत पडणारा सांडगा हा त्या मे महिन्याच्या श्रमाचा असतो.

कोणी म्हणेल, हें सर्व रूढीमुळें व गरिबीमुळें चालतें. यांत शास्त्र कोठें आहे? थोडें शास्त्रही सांगतों. भात, पोळी किंवा भाकरी यांतील प्रथिनांत लायसिन नांवाचा घटक कमी असतो. डाळींत व कडधान्यांत तो भरपूर असतो. उलट कडधान्यांत मेथिओनिन कमी असतें, तें धान्यांतून मिळतें. म्हणून आमटी-भात किंवा उसळ-पोळी हीं एकत्र खाल्लीं म्हणजे एकाची उणीव दुसरें भरून काढतें. वालास मोड आणण्यासाठीं तो रात्रभर भिजवून फडक्यांत बांधून ठेवितात. मोड आल्यावर कोमट पाण्यांत टाकून एकेक दाणा सोलतात, म्हणजे डाळिंब्या तयार होतात. या मोडांत 'क' जीवनसत्त्व उत्पन्न होतें. लिंबू किंवा दुसरें 'क' जीवनसत्त्वयुक्त फळ बरोबर असलें, तर भाजींतील लोह अंगीं अधिक लागतें. पालेभाजीस तेलाची फोडणी दिली म्हणजे तिच्यांतील कॅरोटीन, ज्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवितें, तें पचनांत नीट उतरतें. तिळांत कॅल्शियम विपुल आहे. बाजरींत लोह व तंतु आहेत. संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलें, तेव्हां मोठमोठ्या उपाहारगृहांत बाजरी मानानें आली. भोगीच्या ताटांतून ती कधींच गेली नव्हती.

तथापि आम्ही जुन्याचे आंधळे भक्त नाहीं. शीतगृहांमुळें व गाड्यांमुळें आज फ्लॉवर व मटार बाराही महिने मिळतात, यांत पाप कांहीं नाहीं. पावसाळ्यांतील पालेभाजी दोन-तीन पाण्यांनीं धुतली नाहीं, तर तीच रोगास कारण होते. आणि वाईट चालविलेली खाणावळही असते. आम्ही स्वतः विद्यार्थिदशेंत एका खाणावळींत तीन महिने काढले. तेथील आमटींत डाळ शोधावी लागे, व ताटें एकाच बादलीच्या पाण्यांत विसळीत. तेव्हां पालकांनीं मुलास मेंबर करण्यापूर्वीं एकदां स्वतः जेवून यावें, पाण्याचें पिंप व ताटें धुण्याची जागा पाहावी, आणि मग पैसे भरावे.

आतां खाणावळीच्या हिशेबाकडे वळूं. कारण 'रोज तेंच कां?' या प्रश्नाचें खरें उत्तर तेथें आहे. समजा, एका खाणावळीस चाळीस मेंबर आहेत. दर माणशीं शंभर ग्रॅम भाजी धरली, तरी एका वेळेस चार किलो, व दोन वेळांस आठ किलो भाजी लागते. एखादी भाजी किलोमागें वीस रुपयांनीं महाग झाली, तर दिवसाचे एकशें साठ व महिन्याचे चार हजार आठशें रुपये अधिक जातात. मेंबरांचे पैसे मात्र महिन्याच्या आरंभींच ठरलेले असतात. ते मध्येंच वाढवितां येत नाहींत. म्हणून जी भाजी त्या दिवशीं बाजारांत सर्वांत अधिक आली असेल तीच काकू घेतात. सर्वांत अधिक येणारी भाजी ती हंगामाचीच असते. तीच ताजी असते, व स्वस्तही तीच असते. बाजार फारच चढला तर त्या वाल, मटकी किंवा मूग भिजत घालतात. कारण कोरडें कडधान्य भिजून मोडावर आलें म्हणजे वजनानें दुपटीच्या घरांत जातें. याप्रमाणें काटकसर, चव व प्रकृति या तिन्ही एकाच वाटेनें चालतात. मेंबराची संख्या आधीं ठाऊक असल्यामुळें अन्न वायां जात नाहीं. न सांगतां एक मेंबर गैरहजर राहिला, तर मात्र एक ताट वायां जातें. आमच्या विद्यार्थ्यानें दोन्ही वेळां दांडी मारली, त्या दिवशीं काकूंनीं त्याचें झांकून ठेवलेलें ताट रात्रीं स्वतः खाल्लें, असें आम्हांस वाढप्याकडून मागाहून कळलें.

या धंद्यास इतिहासही आहे. पूर्वीं गरीब विद्यार्थी 'वार' लावून जेवीत. म्हणजे सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं, असे आठवड्याचे सात वार सात घरीं ठरलेले असत. कित्येक माधुकरी मागून शिकले. मुंबईंत कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं कापसाच्या पहिल्या गिरणीची उभारणी आरंभिली. पुढें गिरण्या वाढत गेल्या, आणि कोंकणांतून व घाटावरून हजारों पुरुष बायकामुलें गांवीं ठेवून शहरांत आले. एकेका खोलींत दहा-दहा, पंधरा-पंधरा जण पाळीपाळीनें निजत. त्यांच्यासाठीं स्वयंपाक कोण करणार? चाळींतल्याच बायकांनीं तें काम अंगावर घेतलें. आपल्या दहा फुटी खोलींत चूल पेटवून एकेक बाई वीस-तीस गड्यांस दोन वेळां जेवूं घाली. गडी पैसे देत ते पगार झाल्यावर. तोंपर्यंत वाण्याची उधारी व सावकाराचें व्याज या बाईनें सोसावयाचें. गिरणी चाले ती कामगाराच्या बळावर, आणि कामगार उभा राही तो या बाईच्या भाकरीवर. परंतु गिरणीच्या कोणत्याही वहींत तिचें नांव नव्हतें.

या बायकांस एकत्र करण्याचें काम श्रीमती प्रेमा पुरव यांनीं केलें. गोव्याच्या मुक्तिलढ्यांत भाग घेतलेल्या या बाईंनीं १९७५ सालीं मुंबईंत अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें, व खाणावळ चालविणाऱ्या बायकांस सावकाराऐवजीं राष्ट्रीयीकृत बँकेचें कर्ज मिळवून दिलें. गहाण ठेवावयास ज्यांच्याजवळ कांहीं नव्हतें, अशा बायकांस एकमेकींच्या जामिनकीवर कर्ज मिळालें, आणि त्यांनीं तें फेडलें. पुढें त्यांस पद्मश्री हा किताब मिळाला. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणीकामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत होते. गिरण्यांचे भोंगे थांबले तसे ताटांवरचे गडीही गांवीं परतले, व कित्येक चुली विझल्या. गिरण्यांबद्दल पुष्कळ लिहिलें गेलें. त्या विझलेल्या चुलींबद्दल त्या मानानें थोडें लिहिलें गेलें.

गिरगांव व दादर या भागांत पांढरपेशा नोकरांसाठीं व विद्यार्थ्यांसाठीं निराळ्या प्रकारचीं भोजनगृहें झालीं. दादर स्टेशनाजवळील मामा काणे यांचें उपाहारगृह १९१० सालचें. गिरगांवांतील खोताच्या वाडींत गोमंतकी मासळीच्या जेवणासाठीं प्रसिद्ध असलेला अनंताश्रम होता. तो आतां बंद झाला आहे. ज्या चाळींत अशीं भोजनगृहें होतीं त्या चाळी पडत आहेत व त्यांच्या जागीं उंच इमारती उठत आहेत. इमारत नवी झाली म्हणजे भाडें नवें होतें, आणि त्या भाड्यांत टाकळा-भाकरीचा हिशेब बसत नाहीं. काकूंच्या चाळीसही पुनर्बांधणीची नोटीस आली आहे. "पुढं काय करणार?" असें आम्हीं विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "सर, उद्यांचे वाल भिजत घातले आहेत. एवढं ठाऊक आहे."

विद्यार्थिमित्रहो, या लेखापासून तुम्हीं काय घ्यावें? पहिली गोष्ट, जेवावयास जाणार नसाल तर आधीं सांगावें. त्यांत एकाचे श्रम व दुसऱ्याचें अन्न वांचतें. दुसरी, हवें तेवढेंच घ्यावें, मागून पुन्हां घ्यावें, पण ताटांत टाकूं नये. तिसरी, वाढणारास 'ए' म्हणून हांक मारूं नये. तोही कोणाचा तरी काका किंवा दादा आहे. चौथी, न ओळखीची भाजी ताटांत आली तर नाक मुरडण्यापूर्वीं तिचें नांव विचारावें. नांव कळलें म्हणजे अर्धा तिटकारा जातो. आणि पांचवी, कोणाच्या डब्यांतील किंवा ताटांतील अन्नास हंसूं नये. ज्या हंसण्यानें एक मुलगा दीड दिवस उपाशी राहिला, तें हंसणारांस थट्टाच वाटली होती. दुष्टपणा त्यांच्या मनांतही नव्हता. तरी भूक ती भूकच.

पालकांसही एक विनंति आहे. दूर राहणाऱ्या मुलास पत्रानें वा फोनवर 'जेवलास का?' असें आपण विचारतां, व तो 'हो' म्हणतो. त्याऐवजीं 'काय जेवलास?' असें विचारावें. त्या प्रश्नास खोटें उत्तर देणें कठीण असतें, आणि उत्तरांतून त्याच्या गल्लींत कोणता ऋतु चालला आहे हेंही आपणांस कळतें.

तो विद्यार्थी आतां नेमानें जेवतो. भोगीच्या दिवशीं हंसणाऱ्यांपैकीं दोघांस त्यानें स्वतःच्या खर्चानें काकूंकडे नेलें, व भाकरीवर लोणी अधिक मागितल्याबद्दल तिघांनींही बोलणीं खाल्लीं, असें तो आम्हांस सांगत होता. शालांत परीक्षा संपली कीं तो गांवीं जाईल. जून महिन्यांत परत आल्यावर ही खाणावळ जागेवर असेल कीं नाहीं, हें त्यास ठाऊक नाहीं, काकूंस नाहीं, व आम्हांसही नाहीं. हा लेख छापखान्यांत पाठविण्यापूर्वीं आम्ही मुद्दाम त्या गल्लींतून आलों. फळा पुसून नवा लिहिला होता: पोळी, भात, आमसुलाचें सार, ओल्या काजूगरांची उसळ, कैरीचें लोणचें. आम्ही आंत जाऊन बसलों.